सोनं शोधणाऱ्या डिटेक्टरला कुठली बॅटरी? एका जोडणीची सविस्तर हकिकत

काम आलं ते असं. मिनलॅब कंपनीच्या एसडी मालिकेतलं जुनं मेटल डिटेक्टर, सहा व्होल्टवर चालणारं. मूळची लेड ॲसिड बॅटरी फुगून कामातून गेलेली. यंत्र वापरायचं पश्चिम ऑस्ट्रेलियात, कूलगार्डी-कलगुर्लीच्या बाजूच्या लाल मातीत, आणि बॅटरी जुळवायची पुण्यात. मालक कोथरूडचे एक निवृत्त काका. लेक-जावई पर्थला असतात. जावयांनी तिकडे हे यंत्र जुन्यात घेतलं आणि काकांनी मागच्या फेरीत ते बिनबॅटरीचं इकडे आणलं. पिशवी टेबलावर ठेवताना त्यांनी मागणी एका दमात सांगून टाकली: "दिवसभर चालली पाहिजे, पाठीला जड नको, आणि विमानतळावर कुणी अडवायला नको."

काकांच्या यादीत एक अट नव्हती, आणि सगळी निवड शेवटी तिच्यावरच ठरली. बॅटरीच्या बाजूने यंत्रात खरखर येता कामा नये. इन्व्हर्टर, फवारणी पंप, सायकल, अशा कामांसाठी मी रोज पॅक जुळवतो. तिथे व्होल्ट, अँपिअर-तास आणि वजन बघितलं की काम भागतं. सोनं शोधणाऱ्या यंत्रात तेवढ्याने भागत नाही. का, ते नीट सांगतो, कारण बाजारात या कामाला गळ्यात मारली जाणारी निम्मी जोडणी याच कारणाने वाया जाते.

हे यंत्र पल्स इंडक्शन जातीचं. कॉइलमधून, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, सेकंदाला हजारहून जास्त वेळा करंटचा झटका सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. तोडल्यावर जमिनीतल्या धातूत क्षणभर भोवरा-प्रवाह फिरतात. ते विरत असताना कॉइलमध्ये जी अगदी बारीक चाहूल येते, ती वाढवून हेडफोनात ऐकवायची. मिनलॅबचे संशोधक ब्रूस कँडी यांच्या रचनेवरचं एसडी २००० हे यंत्र १९९५ साली आलं, आणि लोहयुक्त मातीतही खोलवरचं सोनं ऐकू यायला लागलं ते लांब-आखूड पल्स आलटून पालटून सोडण्याच्या या युक्तीमुळे. मोठा तुकडा वरच्या वर असेल तर यंत्र ठणठणीत आवाज देतं, त्याला बॅटरी कुठलीही चालेल. पण वीतभर खोल गेलेला लहान तुकडा असा आवाज देत नाही. हेडफोनात सतत एक हलकी गुणगुण चालू ठेवलेली असते, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. त्या गुणगुणीत किंचित चढ येतो किंवा ती जराशी दबते. खूण म्हणून एवढंच मिळतं. आता बॅटरीच्या बाजूनेच गुणगुण हलायला लागली तर माणूस काय ऐकणार? दिवसभर खड्डे खणत बसेल, नाहीतर खरी खूण पायाखालून निघून जाईल.

काकांना हे समजायला वेळ लागला नाही. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं, लाइनवरची खरखर त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकलेली.

जुनीच लेड ॲसिड परत बसवली तर?

हा पहिला आणि सोपा पर्याय. सहा व्होल्ट बारा अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी बाजारात मिळते, खेळण्यातल्या गाड्यांना लागते तीच. यंत्र तिच्यासाठीच बनलेलं. आवाजाच्या बाबतीत लेड ॲसिडला नावं ठेवायला जागा नाही. आत कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही, पट्ट्या आणि आम्ल, बस्स.

अडचणी दोन. वजन पावणेदोन-दोन किलो. सत्तरीच्या माणसाने हे पाठीवर घेऊन माळरानात सहा-सात तास फिरायचं, वर पाणी, कुदळ आणि हातात यंत्र. दुसरी अडचण व्होल्टेजची. पूर्ण भरलेली बॅटरी लोडवर ६.२-६.३ व्होल्ट दाखवते, आणि तिथून दिवसभर हळूहळू उतरत जाते. संध्याकाळकडे साडेपाच-पावणेसहाला येते. जुन्या एसडी यंत्रांची वागणूक पुरवठ्याच्या व्होल्टेजप्रमाणे थोडी बदलते. सकाळी बसवलेला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद ऐकू येऊ नये म्हणून केलेली जुळवणी, दुपारी पुन्हा बसवावा लागतो, गुणगुण सरकते. शिवाय लेड ॲसिडला अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ठेवलं की पट्ट्यांवर सल्फेट बसतं. वर्षातून तीन महिने वापर आणि उरलेले नऊ महिने जावयांच्या गॅरेजमध्ये धूळ, असा काकांचा हिशोब होता. हीच वागणूक लेड ॲसिडला मारते, आणि आधीची बॅटरी बहुधा अशीच गेली असावी.

लिथियम आयन आणि मधला कन्व्हर्टर

इथे बहुतेक जण येऊन थांबतात, म्हणून इथे जरा जास्त थांबतो. नेहमीचे १८६५० आकाराचे गोल सेल दोन सिरीजमध्ये जोडले की पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट मिळतात आणि संपताना सहाच्या आसपास. सहा व्होल्टच्या यंत्राला ८.४ सरळ देणं मला मान्य नाही. जास्त व्होल्ट दिले की जास्त खोल जातं असं मानणारे लोक आहेत. झटका मोठा होतो हे खरं, पण मातीतल्या लोहाचा प्रतिसादही त्याच प्रमाणात मोठा होतो, आणि तीस वर्षं जुन्या बोर्डवरचे ट्रान्झिस्टर तापतात ते वेगळंच. म्हणजे व्होल्टेज कमी करणं आलं.

तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात एलएम२५९६ चा तयार बक कन्व्हर्टर मिळतो. बोटभर निळा बोर्ड, स्क्रू फिरवा, हवे ते व्होल्ट काढा. काकांनी स्वतःच तो आणून दाखवला. मी जोडून त्यांच्या हातात हेडफोन दिला. गुणगुण थरथरत होती, अधूनमधून एखादी लांब लाट येऊन जायची. काका म्हणाले, "हे तर टार्गेटसारखंच वाटतंय." अगदी बरोबर, आणि धोका तोच आहे.

त्यामागचं कारण असं. हा कन्व्हर्टर सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा करंट चालू-बंद करतो. डिटेक्टर प्रत्येक झटक्यानंतर ठरावीक क्षणी कॉइलचा सिग्नल मोजतो. दोघांच्या लयी वेगळ्या, त्यामुळे दोन्हींच्या फरकातून एक तिसरी, संथ लय जन्माला येते, आणि ती नेमकी कानाला ऐकू येईल अशा पट्ट्यात पडते. कन्व्हर्टरची लय तापमानाबरोबर आणि लोडबरोबर थोडी सरकते, की ही तिसरी लयही सरकते. त्यात डिटेक्टर करंट एकसारखा घेत नाही, झटक्याझटक्याने घेतो, त्यामुळे कन्व्हर्टरही त्याच तालावर धडपडतो. आम्ही बोर्ड पत्र्याच्या डबीत बंद केला, दोन्ही वायरींवर खरखर अडवणारे फेराइटचे मणी चढवले, कपॅसिटर वाढवले. खरखर बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही. दुसऱ्या कुठल्याही कामाला मी हा पॅक बिनदिक्कत दिला असता.

पॉवर बँक आणि ड्रिलच्या अठरा व्होल्टच्या बॅटरीवरून पुरवठा घेणं, हे दोन्ही पर्याय याच कारणाने बाद झाले. पॉवर बँकेच्या तर आतच कन्व्हर्टर असतो, काढता येत नाही.

कन्व्हर्टरऐवजी लिनियर रेग्युलेटर घातला तर आवाज राहत नाही. तो जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवतो, चालू-बंद काही करत नाही. साध्या ७८ मालिकेतल्या रेग्युलेटरला वर दोन व्होल्ट शिल्लक लागतात, तेवढे इथे नाहीत. लो-ड्रॉपआउट जातीचा घेतला तर अर्ध्या व्होल्टच्या आत भागतं. साडेसहा व्होल्ट आउटपुट ठेवलं तर पॅक सात व्होल्टच्या जरा खाली येईपर्यंत वापरता येतो, म्हणजे सेलमधली बरीचशी ऊर्जा पदरात पडते. ही जोडणी तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे आणि बरेच जाणकार अशीच वापरतात. मला खटकलं ते एवढंच, की जवळच्या गावापासून शंभर किलोमीटरवर एक तापणारा जादा भाग, त्याचा हीटसिंक आणि त्याचे सोल्डरचे चार डाग काकांच्या पाठीवर असणार. त्याच्याशिवाय भागत असेल तर मला तो नको होता.

सेलबद्दल एक सूचना इथेच देतो. १८६५० वर ९९०० असा आकडा छापलेला दिसला तर तो सेल खाली ठेवा. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासाच्या आसपास मावतात.

आम्ही निवडलं ते

लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात. एका सेलचे नाममात्र ३.२ व्होल्ट, दोन सेल सिरीजमध्ये ६.४. यंत्राला जे हवं तेच, मधे काहीही न घालता. आणि खरी गंमत तिच्या उतरण्याच्या रेषेत आहे. चार्जरवरून ७.२-७.३ वर काढलेला पॅक लोड पडताच काही मिनिटांत ६.६-६.७ ला येतो, आणि मग तासन्‌तास साडेसहाच्या आसपास ठाण मांडून बसतो. अगदी संपत आल्यावर एकदम कोसळतो. सकाळचा ग्राउंड बॅलन्स दुपारीही तसाच राहतो, निदान बॅटरीमुळे तरी बिघडत नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांच्या जास्त व्होल्टेजची काकांना शंका होती. पण लेड ॲसिडही चार्जरवरून नुकती काढली की थोडा वेळ जास्तच दाखवते, यंत्राला त्याची सवय आहे.

प्रयोगासाठी मी ३२७०० आकाराचे, सहा अँपिअर-तासाचे सेल घेतले. असा एक सेल साधारण १४० ग्रॅमचा. दोन सेलचा पॅक, वेष्टन आणि वायरीसकट, तीन-साडेतीनशे ग्रॅममध्ये बसतो. यंत्राचा सरासरी करंट मी मोजला तेव्हा एक अँपिअरच्या आगेमागे भरला. म्हणजे एक पॅक पाच तास सहज.

बीएमएस, म्हणजे पॅकमधल्या सेलचं संरक्षण करणारा बोर्ड, निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. दुकानात 'टू एस' (सिरीजमधल्या दोन सेलचा) म्हणून मागितलं की जो बोर्ड हातात येतो तो जवळजवळ नेहमी लिथियम आयनचा असतो. तो सेलला ४.२५ व्होल्टच्या पुढे जाऊ देतो, तेव्हा कुठे तोडतो. एलएफपीला ३.६५ च्या पुढे न्यायचं नसतं. बोर्ड दिसायला सारखे, भोकं सारखी, पण आपल्या सेलला त्याचं संरक्षण शून्य. बोर्डवरच्या आयसीचा नंबर वाचायचा आणि बेंच सप्लायवर व्होल्टेज वाढवत नेऊन तो नेमका कुठे तोडतो ते बघायचं. मी प्रत्येक बोर्ड असाच तपासून घेतो. बीएमएसमध्ये मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात, पण ते सतत चालू-बंद होत नाहीत, त्यामुळे आवाजाचा प्रश्न येत नाही.

जोडही तितकेच महत्त्वाचे. स्प्रिंगचे सेल होल्डर या कामात चालत नाहीत. चालताना स्प्रिंग हलते, रेझिस्टन्स बदलतो, आणि प्रत्येक पावलाला हेडफोनात टक्‌ होतं. पट्टी स्पॉट वेल्ड केलेलीच हवी, तीही शुद्ध निकेलची. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी ओळखायची तर तुकडा कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकायचा. सकाळी गंजाचा डाग दिसला की कळलं. वायर जाड आणि पीळ दिलेली, एका टोकाला एक्सटी६० कनेक्टर म्हणजे उलट लागायची भीती नाही, बॅटरीच्या अगदी जवळ पाच अँपिअरचा फ्यूज. चार्जिंगचा प्लग मुद्दाम वेगळ्या जातीचा ठेवला, चुकून जुना लेड ॲसिड चार्जर कुणी लावू नये म्हणून.

एकच मोठा पॅक की दोन लहान? काकांचा कल मोठ्याकडे होता, मधे बदलायची कटकट नको म्हणून. मी दोन लहानांवर अडून बसलो. एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं, म्हणून यंत्राची बॅटरी कमी झाल्याची सूचना फार उशिरा येते. आली की थोड्या वेळात खेळ खलास. दोन पॅक असले की हिशोब घड्याळावर करता येतो: एक सकाळचा, एक जेवणानंतरचा. एक बिघडला तरी दिवस अर्धाच बुडतो.

सासवडच्या पुढचं शेत

पुणे शहरात पल्स इंडक्शन यंत्र तपासताच येत नाही. घराघरातली वायरिंग, एलईडीचे ड्रायव्हर, मोबाइलचे टॉवर, सगळे मिळून हेडफोन भरून टाकतात. काकांच्या मेव्हण्यांचं सासवडच्या पुढे शेत आहे, विजेच्या मोठ्या लाइनपासून दूर. तिथे गेलो. सोनं शोधायला अर्थातच नव्हे. दख्खनचा हा खडक लाव्हाचा, त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. आपल्याकडचं बहुतेक सोनं कर्नाटकातलं. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, हट्टीची चालू आहे. आणि कुणीही उठून यंत्र घेऊन खनिज किंवा दफिना खणावा अशी मोकळीक आपल्या कायद्यात नाही. पण बेसाल्टची माती मॅग्नेटाइटने भरलेली असते, आणि बॅटरीची परीक्षा घ्यायला अशी त्रासदायक माती चांगलीच.

मासेमारीच्या गळाला लावतात तसला पाचेक ग्रॅमचा शिशाचा मणी पट्टीने मोजून पुरला. सोन्याच्या जागी सरावाला शिसं वापरण्याची रीत जुनी आहे. सुमारे वीस सेंटिमीटरवर तो जेमतेम ऐकू येत होता. ताजी भरलेली लेड ॲसिड आणि एलएफपी यांत फरक मला सांगता आला नाही, काकांनाही नाही. बक कन्व्हर्टरवर मात्र तोच मणी खात्रीने ऐकू येईना. माती उकरून तो पाचेक सेंटिमीटर वर घेतला तेव्हा कुठे काका मान डोलवायला लागले. लिनियर रेग्युलेटरवर पुन्हा तो मूळ खोलीवर स्वच्छ. दुपार उलटल्यावर अर्ध्याच्या खाली उतरलेली लेड ॲसिड परत लावली, तर मणी ऐकू यायचा, पण आधी ग्राउंड बॅलन्स नव्याने करावा लागला.

याच शेतात आणखी एक गोष्ट पक्की झाली. सेलचं कवच पोलादी असतं. पॅक कमरेला पुढच्या बाजूला बांधला की वाकताना तो कॉइलच्या जवळ येतो आणि यंत्र त्यालाच धातू समजतं. म्हणून पॅक पाठीवर, उंच, आणि घट्ट आवळलेला.

विमान

निवड झाली, तरी मी जुळवलेला पॅक काकांना विमानात न्यायला दिला नाही. यावर आमची थोडी वादावादी झाली. नियम असा: सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात, टर्मिनल झाकलेली. शंभर वॅट-तासांच्या आत असतील तर विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. आपला पॅक ६.४ गुणिले ६, म्हणजे ३८.४ वॅट-तास, या मर्यादेत आरामात. पण तो पॅक यूएन ३८.३ या चाचणीतून गेलेल्या प्रकारचा असावा लागतो. कंपन, आघात, शॉर्ट सर्किट, कमी हवेचा दाब अशा कसोट्या त्यात आहेत. सेलची चाचणी झालेली असली म्हणून त्यापासून दुकानात जुळवलेल्या पॅकची झाली असं होत नाही. "सिक्युरिटीवाल्याला काय कळणार आहे?" काका म्हणाले. त्याला कळेल की नाही हा मुद्दाच मी धरला नाही. दोन-तीनशे माणसं बसलेल्या केबिनमध्ये मी बिनचाचणीचा लिथियम पॅक पाठवणार नाही.

मार्ग निघाला तो असा. ६.४ व्होल्ट सहा अँपिअर-तासाचे तयार एलएफपी पॅक कारखान्यात बनतात, सोलर दिव्यांसाठी. २०२० पासून बनवणाऱ्याने चाचणीचा सारांश मागणाऱ्याला उपलब्ध करून द्यावा लागतो. पिंपरी-चिंचवड भागातल्या एका उत्पादकाने तो कागद लगेच दिला. पॅकवर वॅट-तास ठळक छापलेले, भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणीही. असे दोन घेतले, उतरवून मोजले, कागदावरच्या आकड्याला उतरले. माझं काम उरलं ते बाहेरचं: प्लास्टिकची पेटी, पट्टा, फ्यूज, पीळ दिलेली वायर, यंत्राचा मूळ प्लग. पॅकला हात लावला नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींना कनेक्टर जोडले, एवढंच. शेतात तपासलेला माझा नमुना पॅक इथेच ठेवून घेतला.

पेटीबरोबर एक वीतभर जादा वायर दिली आहे, एका टोकाला एक्सटी६० आणि दुसऱ्या टोकाला लेड ॲसिडला बसणाऱ्या चपट्या क्लिपा. दोन्ही पॅक काही कारणाने गेले, तर कलगुर्लीत सहा व्होल्टची लेड ॲसिड विकत घेऊन त्याच दिवशी काम चालू करता येईल. चार्जर दोन: एक भिंतीवरचा, ७.३ व्होल्टला थांबणारा, आणि एक गाडीच्या बारा व्होल्टवरून चालणारा. गाडीच्या चार्जरमध्ये कन्व्हर्टर आहेच, पण चार्जिंग चालू असताना यंत्र बंद असतं, तेव्हा त्याची खरखर कुणालाच ऐकू येत नाही.

नव्या यंत्रांना ही सगळी उठाठेव लागत नाही. जीपीएक्स मालिकेत कंपनीने स्वतःच ७.४ व्होल्टचा लिथियम आयन पॅक दिला, आणि जीपीझेड ७००० किंवा जीपीएक्स ६००० मध्ये बॅटरी यंत्रालाच चिकटते. तिथे मूळचीच बॅटरी घ्यावी, त्यात हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निघायच्या आधी काकांना दोन गोष्टी करायला लावल्या. कॉइलचं झाकण काढून सासवडची माती ब्रशने आणि पाण्याने पूर्ण धुतली, दांड्याच्या खाचांतलीसुद्धा, कारण ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षेचे अधिकारी सामानावर माती दिसली की अडवतात. आणि जावयांना फोन करून मायनर्स राइटचा अर्ज आधीच करायला सांगितला. पश्चिम ऑस्ट्रेलियात तो परवाना खिशात नसेल तर सरकारी मोकळ्या जमिनीवरही सोनं शोधता येत नाही, मग बॅटरी कितीही शांत असो.